सोसायटीवर पाणी सोडलं

मराठी न कळल्यामुळे मी एका माणसाला अटक केली. तो मालवणचा, मी चिपळूणचा, आणि ज्या वाक्यावरून त्याला आत टाकलं ते वाक्य आमच्या घरी महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी म्हणतंच.

नोकरीत माझ्या हातून घोळ कमी झाले नाहीत. एकदा तर हवालदार आणि आरोपी दोघांनाही कोर्टात विसरून मी जीप घेऊन परत आलो होतो. ते दोघं रिक्षाने आले आणि रिक्षाचं भाडं आरोपीने दिलं. असले किस्से सांगायला मला आवडतात, लोकही हसतात. हाही किस्सा मी तसाच सांगायला बसतो, पण अर्ध्यावर आलो की माझं हसू थांबतं.

तेव्हा मी मुलुंडच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि नवा कायदा नुकताच लागू झाला होता. आयुष्यभर पाठ केलेले कलमांचे नंबर एका सकाळी बाद झाले. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर काचेखाली जुन्या-नव्या कलमांचा तक्ता लावला होता आणि गुन्हा दाखल करताना आम्ही सगळे त्यात कॉपी करणाऱ्या पोरांसारखे डोकावायचो.

अशाच एका सकाळी, हजेरी आटोपून मी चहाचा ग्लास उचलला आणि समोर एका सोसायटीचे सेक्रेटरी येऊन उभे राहिले. निवृत्त बँक अधिकारी, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलण्याआधी घसा साफ करायची सवय.

"साहेब, आमच्याकडे घातपात झालाय."

मुलुंड पूर्वेत घातपात म्हणजे बहुतेक वेळा कोणीतरी कोणाच्या पार्किंगमध्ये गाडी लावलेली असते. पण हे प्रकरण तेवढं साधं नव्हतं. त्यांच्या सात मजली इमारतीत लिफ्टच्या मशीनरूममध्ये सकाळी पाणी शिरलं होतं. लिफ्टची यंत्रणा जळाली. त्याच खोलीत भिंतीवर सोलरचा इन्व्हर्टर होता, तोही गेला. आणि लिफ्ट बंद पडली तेव्हा आत एक आजी एकट्याच होत्या. फायर ब्रिगेडने दार उचकटून त्यांना बाहेर काढलं. त्या सुखरूप होत्या, पण देवळात न्यायची फुलं मुठीत चुरगळली होती, असं सेक्रेटरींनी सांगितलं. त्या फुलांनी माझं डोकं फिरवलं. माझी आईही त्याच वयाची होती.

"कोणावर संशय?"

"संशय कसला? खात्री आहे. सोलरचा कॉन्ट्रॅक्टर. आमचा हिस्सा घेतला, पॅनल लावली आणि चालू करायचं नाव नाही. काल संध्याकाळी येऊन ऑफिसात भांडून गेला वर."

इथे सोलरच्या सरकारी योजनेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तेव्हा मला ती कळली नव्हती आणि समजून घ्यायची गरजही वाटली नव्हती. सरकार घरांना आणि सोसायट्यांना गच्चीवर सोलर बसवायला अनुदान देतं. काम करायचं ते योजनेच्या यादीत नोंदलेल्या कॉन्ट्रॅक्टरनेच. सोसायटीने थोडा हिस्सा आधी दिला, बाकीचं अनुदान आलं की द्यायचं ठरलं होतं. तोवर सगळा माल कॉन्ट्रॅक्टरने आपल्या जिवावर उचललेला. आणि अनुदान येणार कधी? वीज कंपनी तपासणी करून नवा मीटर बसवेल तेव्हा. मीटरशिवाय सोलर चालूही करता येत नाही. म्हणजे सगळं काम होऊनही पुढे एक दार, त्यापुढे आणखी एक दार, आणि प्रत्येक दाराबाहेर उभा एकटा कॉन्ट्रॅक्टर.

मी पंचनाम्याला गेलो. मशीनरूममध्ये घोट्यापर्यंत पाणी आणि जळक्या वायरचा वास. पंच म्हणून दोन मेंबर उभे केले, फोटो घेतले, इन्व्हर्टर मुद्देमाल म्हणून सील केला. खाली आलो तर पंपाच्या खोलीपाशी वॉचमनने मला खुणेने बाजूला बोलावलं. उत्तर प्रदेशचा पन्नाशीचा माणूस, मफलर बारा महिने गळ्यात.

"साहब, मेरा नाम मत लेना. कल शाम को वो सोलरवाला गेट पे खड़ा होके फोन पे बात कर रहा था. मराठी में."

"तुला मराठी समजतं?"

"इतने साल हो गए साहब, सब समझता है."

"काय बोलत होता?"

वॉचमनने इकडेतिकडे बघितलं. "बोला, मैंने इस सोसायटी पे पानी छोड़ दिया."

वाचकहो, पोलिसाला असं वाक्य आयुष्यात एकदाच आयतं मिळतं. हेतू होता, भांडण होतं, आणि आता आरोपीच्या तोंडचं वाक्यही मिळालं. मी परत येऊन काचेखालच्या तक्त्यावर झेपावलो. पाणी तुंबवून नुकसान करण्याचं वेगळं कलम आहे हे मला तेव्हाच कळलं, आणि ते सापडल्यावर मला झालेला आनंद आठवला की आजही लाज वाटते. जिवाला धोका आणला म्हणून एक कलम, फसवणुकीचं एक. जेवणाच्या ताटात एकेक पदार्थ वाढावा तशी मी कलमं वाढत होतो.

दुपारी माझ्या माणसांनी त्याला मरोळच्या त्याच्या गाळ्यावरून आणलं. चाळिशीचा, सडसडीत, तळहाताला ग्रीस. बाप गिरणीत होता, याने इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून छोटा धंदा उभा केलेला. चपला दाराबाहेर काढून तो माझ्या केबिनमध्ये आला. पोलीस ठाण्यात चपला काढणारा माणूस गुन्हेगार असतो का, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवा होता.

"काल सोसायटीत गेला होतास?"

"गेलो होतो साहेब."

"भांडलास?"

"भांडलो. मीटरचं बिल अजून जुन्या बिल्डरच्या नावावर आहे. अर्जावर नाव सोसायटीचं. दोन्ही नावं जुळत नाहीत म्हणून कंपनी तपासणीला येत नाही. मी त्यांना सांगतोय, फक्त बिलावरचं नाव बदलून घ्या. पण कमिटीत दोन गट. एक सही करतो म्हटला की दुसरा नाही म्हणतो."

हे सगळं खरं होतं आणि यातलं मी एक अक्षर लिहून घेतलं नाही. मला दुसऱ्याच वाक्याची घाई होती.

"ते राहू दे. सोसायटीवर पाणी सोडलंस की नाही, एवढं सांग."

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "सोडलं साहेब."

कोपऱ्यात माझा हवालदार लिहीत होता. त्याचं पेन थांबलं आणि त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी खुर्चीत दोन इंच वाढलो.

"कधी?"

"कालच. भांडण झालं, बाहेर आलो आणि सोडलं."

"का?"

"मग काय करू? एका बिल्डिंगपायी सगळ्या धंद्याची वाट लागली. पॅनलवाल्याचे फोन घ्यायची हिंमत होत नाही. म्हटलं, जाऊ दे."

"एकट्याने सोडलंस? की कोणी सामील होतं?"

"बायकोला विचारून सोडलं."

असा प्रामाणिक आरोपी मी पाहिला नव्हता. मी हवालदाराला म्हटलं, "पत्नीची चिथावणी, असं लिहा." मग त्याच्याकडे वळलो. "इन्व्हर्टर जळाला. लिफ्टमध्ये म्हातारी बाई अडकली. तिला काही झालं असतं म्हणजे?"

तो ताडकन उभा राहिला. "इन्व्हर्टर जळाला? माझा इन्व्हर्टर? साहेब, ते पाणी नाही—"

"पाणी ते पाणी. बस खाली."

"साहेब, ऐका तरी—"

तेवढ्यात वरच्या झोन ऑफिसातून बंदोबस्ताचा फोन आला आणि मी हात वर करून त्याला गप्प केलं. फोन ठेवला तोवर मला निघायची घाई झाली होती. बाकीचं कोर्टात सांग, म्हटलं. 'ते पाणी नाही' याच्यापुढचा त्याचा एक शब्द मी ऐकला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

लॉकअपकडे नेताना तो एकदाच माझ्याकडे वळला. "साहेब, अटक दाखवू नका. नोटीस द्या, बोलवाल तेव्हा येऊन बसतो. गुन्ह्यात नाव आलं की योजनेच्या यादीतून काढतात. यादीत नसलो तर मला कोणी दारात उभं करणार नाही. सगळ्यांना अनुदानातलंच काम हवं असतं."

नोटीस देता आली असती. कायद्याने मला तो अधिकार होता, किंबहुना तसं करणंच अपेक्षित होतं. पण लोकांना घरी ठेवलेला आरोपी आरोपी वाटत नाही, आणि त्या लोकांत मीही होतो. "सगळे असंच सांगतात," एवढं बोलून मी जीपमध्ये बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको डबा घेऊन आली. बुटकी, ठसठशीत कुंकू, अजिबात न घाबरलेली. तिला चिथावणीबद्दल विचारायचंच होतं, म्हणून मी तिला आत बोलावलं.

"तुमच्या नवऱ्याने सगळं कबूल केलंय. सोसायटीवर पाणी सोडलं म्हणून."

"सोडलांच," ती म्हणाली. "मीच सांगलंय त्यांका. म्हटलां, आता पाणी सोडा त्येच्यार."

मी हवालदाराला खूण केली. "म्हणजे तुमचाही सहभाग आहे."

"कसलो सहभाग?"

"पाणी सोडण्यात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मालवणी सोडून, पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं एकेक शब्द तोडून बोलली. "साहेब, पाणी सोडलं म्हणजे नाद सोडला. दान देताना हातावरून पाणी सोडतात ना, तसं. गेलं ते गेलं, आता मागायचं नाही, असं." आणि वर विचारलं, "तुम्ही मराठीच ना?"

हवालदाराला खोकल्याची उबळ आली आणि तो बाहेर गेला. बराच वेळ बाहेरच खोकत होता.

मी टेबलावरचा जबाब उचलून पुन्हा वाचला. प्रत्येक उत्तर जागेवर होतं. कालच सोडलं, म्हणजे पाणी शिरायच्या आदल्या संध्याकाळी, आणि तेही मला खटकलं नव्हतं. धंद्याची वाट लागली म्हणून सोडलं. बायकोला विचारून सोडलं. माणूस घाव सोसून एका कामावरचा हक्क सोडत होता आणि मी त्याच्या हातात पाण्याची बादली बघत होतो. हे वाक्य मला मराठीतून कानावर आलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. ते हिंदीचा शर्ट घालून आलं आणि मी त्याला ओळखलं नाही.

आता प्रश्न उरला तो खऱ्या पाण्याचा. मी साध्या कपड्यात सोसायटीत गेलो आणि वॉचमनला पंपाच्या खोलीत बसवलं.

"तू ऐकलंस ते खरं?"

"सच साहब, माँ कसम."

"त्याचा अर्थ तुला काय वाटला?"

"अर्थ क्या साहब? मैं भी तो रोज सुबह पानी छोड़ता हूँ. बिल्डिंग में मेरे को सब यही बोलते हैं, पाणी सोड, पाणी सोड. मेरे को लगा, उसने भी छोड़ा."

वॉचमन खोटं बोलला नव्हता. आमच्या सोसायट्यांमध्ये पाणी सोडणं ही वॉचमनचीच ड्युटी. त्याच्या जगात त्या शब्दाला एकच अर्थ होता. दोन अर्थ ठाऊक असायला हवे होते ते मला.

"आणि काल सकाळी तू पाणी सोडलंस तेव्हा पंप कधी बंद केलास?"

तो मफलरशी चाळा करू लागला. मी गप्प बसलो. चौकशीत बोलण्यापेक्षा गप्प बसण्याने जास्त काम होतं, हे मला पूर्वीपासून ठाऊक होतं. फक्त आदल्या दिवशी मी ते वापरलं नव्हतं.

"पंप चालू था," तो शेवटी म्हणाला. "सेक्रेटरी साहब ने खिड़की से आवाज दिया. घर पे मेहमान था, डोसे का पीठ लाने भेजा. दुकान पे लाइन थी. वापस आया तब तक टंकी भर के ऊपर से बह रहा था." टाकी भरली की पाणी थांबवणारा फ्लोट तुटलेला होता, सगळ्यांना माहीत होतं. गच्चीवरच्या टाकीतून सांडलेलं पाणी शेजारच्या मशीनरूममध्ये शिरलं. डोळे पुसत तो म्हणाला, "नौकरी चली जाएगी साहब."

मी सेक्रेटरींकडे जाऊन हे सांगितलं. त्यांनी घसा साफ केला.

"जाऊ द्या ना साहेब. वॉचमन गरीब माणूस आहे."

"कॉन्ट्रॅक्टर कोण मोठा श्रीमंत आहे मग?"

"नाही, म्हणजे... तुम्हीच तर अटक केलीत ना. आम्हाला वाटलं, पोलिसांना काहीतरी सापडलं असणार."

त्याच दिवशी सरकारी वकिलांना सांगून मी जामिनाला विरोध केला नाही, कॉन्ट्रॅक्टर सुटला, आणि गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून पुढे मी कोर्टात समरी, म्हणजे गुन्हा बंद करण्याचा अहवाल, पाठवली. कागदोपत्री माझं काम निर्दोष होतं.

पण अटकेच्याच दिवशी सेक्रेटरींनी गुन्ह्याची प्रत वीज कंपनीला पाठवून दिली होती. ज्या ऑफिसातून कित्येक महिने तपासणीला एक माणूस निघत नव्हता, तिथून दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचं नाव यादीतून निघालं. सरकारी काम संथ असतं असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी ते बघायला हवं होतं. कांदिवलीत त्याचं एक काम सुरू होणार होतं, ते गेलं. घाटकोपरच्या दोन सोसायट्यांनी फोन उचलणं बंद केलं. मुलुंडच्या कमिटीतले दोन्ही गट मात्र या भानगडीत एक झाले, बिलावरचं नाव बदललं, यादीतला दुसरा कॉन्ट्रॅक्टर आला, एक नवा इन्व्हर्टर लावला आणि मीटर बसवून घेतला. अनुदान सोसायटीच्या खात्यात जमा झालं. त्यातून पहिल्या कॉन्ट्रॅक्टरला द्यायचा वाटा लिफ्टच्या दुरुस्तीत वळता केला, असं नंतर ऐकलं. तो मागायला गेला नाही. त्याने पाणी सोडलं होतं.

निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, त्याचं नाव यादीत परत घालून द्यायचं. कोर्टाने समरी मान्य केलेली, मग अडचण काय? त्याला घेऊन यादीचं काम बघणाऱ्या अंधेरीच्या एका ऑफिसात गेलो. खिडकीवरची बाई म्हणाली, समरीची प्रत लागेल, शपथपत्र लागेल, नवी नोंदणी म्हणून अर्ज लागेल. तोपर्यंत ठीक चाललं होतं. पण मला गप्प बसवेना. मी पुढे होऊन भारदस्त आवाजात म्हटलं, "मी पोलीस निरीक्षक आहे. रिटायर्ड. या केसचा तपास मीच केलाय."

बाईने हातातला अर्ज हळूच खाली ठेवला. आत जाऊन आली. "सर, पोलीस तपासाचा विषय असेल तर आम्हाला इथे काही करता येत नाही. फाईल हेड ऑफिसला अभिप्रायासाठी पाठवावी लागेल."

फाईल गेली. अजून तिथेच आहे. मी त्यानंतर दोन पत्रं लिहिली, तर पोलीस अधिकारी वारंवार चौकशी करत आहेत असा शेरा पडला.

तपासात माझं काय चुकलं, असं कॉलेजच्या पोरांनी एकदा व्याख्यानानंतर विचारलं. मी त्यांना नोटीस, पुरावा, साक्षीदार वगैरे सांगितलं. खरं उत्तर घरी आल्यावर सुचलं. पोलिसाच्या कानाला एक खोड लागते. समोरचा काय म्हणतोय यापेक्षा त्याने काय म्हणावं हे त्याला आधी ऐकू येतं. मी प्रश्नच असा विचारला होता की त्याच्या खऱ्या उत्तराने तो अडकावा. आणि एक माणूस दोन सरकारी खिडक्यांच्या मध्ये आधीच लटकलेला असताना तिसरी खिडकी मी झालो. अनुदान देणाऱ्यांनी त्याला थांबवून ठेवलं, सोसायटीने थकवलं, पण पाडलं ते मी, एका दुपारच्या घाईत.

मध्यंतरी समजलं की तो मढला शूटिंगच्या बंगल्यांवर लाइटचं वायरिंग करतो. मी गेलो. फाटकाच्या आत केबलची वेटोळी पसरलेली, तो जनरेटरपाशी उकिडवा बसला होता. मला बघून उठला, हात पुसले, माझ्यासाठी खुर्ची आणली, चहा सांगितला. मरोळचा गाळा सोडल्याचं त्याने सांगितलं. बायको जवळच शूटिंगवाल्यांना जेवणाचे डबे देते, मुलगी बारावीला आहे. शूटिंगवाले रोजचे रोज हातात देतात, हे त्याला बरं वाटतं, असंही म्हणाला. कुठेही तक्रार नव्हती. मला तक्रार हवी होती. ऐकून घ्यायला मी तयारी करून गेलो होतो.

चहा संपला. शेवटी मीच म्हटलं, "हेड ऑफिसात माझ्या ओळखीचा एक अधिकारी निघालाय. उद्याच जाऊन त्याला भेटतो. तुझं नाव—"

त्याने माझ्या हातातला रिकामा ग्लास काढून घेतला.

"साहेब, पाया पडतो, मदत करू नका. आता कुठे जरा बरं चाललंय."